सुकऱ्याचे पोचलेले चेंडू

सुकऱ्या गावितच्या पायातून सुटलेला चेंडू खोडाळ्याचा एकही गडी घेत नसे, आणि तरी खोडाळ्याच्या संघात मधल्या जागेवर, सेंटर हाफ म्हणून, सुकऱ्याच खेळे. ज्याला हे चमत्कारिक वाटेल त्याने त्या काळचं खोडाळं पाहिलेलं नाही. तिथे माणसाला जगू न देण्याच्या रीती फार बारकाईने ठरलेल्या होत्या, त्यामुळे त्यातून खेळापुरती वाट काढायची तर तीही तेवढ्याच बारकाईने काढावी लागली.

प्रकरण लाकडाचं होतं. जव्हारचं संस्थान विलीन झालं तेव्हा पाड्यापाड्यांत बोलवा उठली की राजा गेला तसं राजाचं जंगलही गेलं, आता साग ज्याच्या हाती कुऱ्हाड त्याचा. मंगळू भोये हा पाड्याचा मुख्य पंच. त्याच्या भावाने, पांड्याने, या बोलवेवर विसंबून सागाची चांगली जुनी झाडं आडवी केली. जंगल कुठेही गेलं नव्हतं, नवीन सरकारकडे गेलं होतं, आणि नवीन सरकारचा रखवालदार जुन्यापेक्षा लवकर उठणारा निघाला. सुकऱ्या तेव्हा जवळच सडकेच्या कामावर खडी फोडत होता. त्याला जव्हारच्या कचेरीत उभं करून विचारलं, झाडं कोणी तोडली? सुकऱ्याने सांगितलं, पांड्याने. खोटं बोलायला थोडी तरी उसंत लागते, ती त्याला मिळाली नाही. पांड्या सहा महिने आत गेला आणि सुकऱ्या कायमचा बाहेर.

पंचांनी त्याला वाळीत टाकलं. विस्तव बंद, पाणी बंद, देणंघेणं बंद. जो त्याच्याशी देणंघेणं करील तोही वाळीत. पावसाळ्यात चूल विझली तर त्याच्या बायकोला, ठकीला, कोणी निखारा देत नसे. विहीर बंद झाली म्हणून ती खालच्या ओहोळावरून पाणी आणी. सुकऱ्याची आई हौशी मेली तेव्हा खांदा द्यायला एक माणूस आला नाही. सुकऱ्याने आईला पाठीवर घेतलं, ठकीने डोक्यावर लाकडं घेतली आणि दोघांनी तिला ओहोळाकाठी नेऊन जाळलं. मंगळू भोये तेव्हा आपल्या ओट्यावर बसून विडी ओढत होता. त्याने मान फिरवली नाही, सगळं बघितलं.

आता एवढ्या वैरातून चेंडू कसा सुटला? तर खोडाळ्याला जव्हारला हरवायचं होतं. जव्हारच्या पोरांकडे संस्थानी काळापासून चेंडू होता, कपडे होते आणि मिजास होती. त्यांच्या पुढच्या फळीला अडवील असा गडी खोडाळ्यात एकच, सुकऱ्या. मंगळूचा मुलगा जिवा संघाचा कप्तान. त्याने बापाला विचारलं. मंगळूने विडी दोनदा झटकली आणि निवाडा दिला, "धावू दे त्याला. वाऱ्याला काय कोण वाळीत टाकतो? पण त्याच्या पायचा चेंडू घेशील तर घेणं झाला. मंग तू पण बाहेर."

पण वाण्याच्या दुकानात सुकऱ्याची नागली, म्हणजे नाचणी, जाई आणि तीच नागली पुढे मंगळूच्या घरी येई, तिला कोणी बाट धरत नसे. मधे वाण्याचा हात लागला की वस्तू मोकळी. जिवाने हाच न्याय चेंडूला लावला. सुकऱ्याने मारलेला चेंडू मधे जव्हारवाल्याला लागून आला तर घ्यायचा, थेट आला तर सोडून द्यायचा. पंचही हसले आणि कबूल झाले.

सुकऱ्या हा असा खेळायला शिकला. चेंडू हिसकावायचा, समोर जव्हारचा गडी बघायचा आणि त्याच्या नडगीवर नेमका असा हाणायचा की तो उसळून आपल्या तुकाकडे किंवा जिवाकडे जावा. हे काम सोपं नाही. सरळ देणं कोणालाही जमतं, वैऱ्याच्या नडगीवरून देणं एका सुकऱ्यालाच जमलं. जव्हारचा सेंटर हाफ रंगू याच्या दोन्ही नडग्या त्या हंगामात काळ्यानिळ्या झाल्या. तो सुकऱ्याला आईबहिणीवरून शिव्या देई आणि सुकऱ्या पुढचा चेंडू थोडा जास्त जोराने मारी.

त्यात वामन मास्तर अवतरले. हे शाळेवर पुण्याकडून आलेले, गणिताचे, आणि आपल्याला इकडे का पाठवलं याचा राग रोज नव्याने करणारे. ठाण्याहून गडी निवडणाऱ्या साहेबाचं पत्र आलं की जिल्ह्याच्या संघाला एक सेंटर हाफ हवा आहे, निवडलेल्या गड्याला तिथल्या गिरणीत काम मिळेल, राहायला खोली मिळेल, बायकोला नेता येईल. जव्हार-मोखाड्यातून दोनच नावं निघण्यासारखी होती, रंगू आणि सुकऱ्या. कोण चांगला यावर बाजारात डोकी फुटायची वेळ आली. तेव्हा मास्तर म्हणाले, "भांडता कशाला? मोजा."

मास्तरांनी मोठ्या कागदाचा तक्ता केला. दोघांच्या नावाखाली तीन रकाने. पोचलेले, म्हणजे आपल्या गड्याला मिळालेले चेंडू. वाया गेलेले. आणि हिसकावलेले, म्हणजे समोरच्याकडून मिळवलेले. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून ते रेघा ओढत बसले. कल्पना वाईट नव्हती. आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा रेघ ओढणारा केव्हाही बरा. पण रेघ ओढणाऱ्याला रेघेपलीकडचं बघायचा कंटाळा असला की तो आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा जास्त घाण करून ठेवतो.

दोन सामने मोजून झाले. रंगूचे शेकडा सत्तर पोचलेले. सुकऱ्याचे शेकडा आठ. वर त्याने नडगीवर मारलेला प्रत्येक चेंडू रंगूच्या हिसकावलेल्यांत जमा झालेला. कागदावर रंगूसारखा हाफ ठाणे जिल्ह्यात नव्हता आणि सुकऱ्याने मैदानात उतरणं हाच खोडाळ्यावर अन्याय होता. आणि ते दोन्ही सामने खोडाळं जिंकलं होतं.

सुकऱ्या शाळेत गेला. दारातच उभा राहिला.

"मास्तर, तू लिवला ता खोटा हाय."

डोंगरातली माणसं सगळ्यांनाच अरेतुरे करतात. दोन वर्षं झाली तरी मास्तरांना ते सोसत नसे.

"तुम्ही म्हण आधी," ते म्हणाले. "आणि आकडे खोटे नसतात. तुझ्या पायातून निघालेला चेंडू तुझ्या गड्याकडे जात नाही. जातो का?"

"ते घेत नाहीत. मी वाळीत हाय. मी रंगूला मारतो म्हणून जिवाला भेटतो."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तू मुद्दाम समोरच्याला देतोस. हे तर आणखी वाईट. आणि हे बघ, तुमच्या जातपंचायतीचा रकाना माझ्या तक्त्यात नाही. उद्या कोणी सांगेल मला उचकी लागली होती. तोही मांडू?"

सुकऱ्याला मास्तराच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकला नाही, पण वाटलं ते खरं. गावाने त्याला टाकलं होतं ते निदान नाव घेऊन, तोंडावर टाकलं होतं. हा परका माणूस त्याच गावाचं वैर शेकड्यात मांडून त्याला म्हणत होता की हे तुझंच कर्तृत्व. घरी येऊन त्याने ठकीला सांगितलं. ठकी ओहोळावरून नुकतीच आली होती. ती म्हणाली, "इथून जायाला भेटेल असा वाटला होता मला," आणि हंडा उतरवून पाय चोळत बसली. सुकऱ्याला त्या खोलीची आस का होती, ते एवढंच.

मग ठाण्याहून साहेबाचं दुसरं पत्र आलं. आपण स्वतः येतो, आपल्या डोळ्यांदेखत होईल त्याच सामन्याची मोजणी धरू, आणि कोणी कोणाला किती चेंडू दिले तेही नावानिशी मांडावं. मास्तर हुरळले. त्यांनी तक्त्यात नवे रकाने काढले आणि चहाच्या दुकानात बसून भेटेल त्याला सांगितलं की ज्याचे चेंडू जास्त पोचतील तो दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ठाण्याला जाईल, बायकोसकट. जिवा तिथेच चहा पीत होता. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

सामना खोडाळ्याच्या बाजाराच्या दिवशी ठेवला. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात बांधापर्यंत माणसं उभी. आंब्याखाली पाच-सहा पाड्यांचे पंच बसले होते, मंगळू मधोमध. शेजारी भिका वारघडे. हा दुसऱ्या पाड्याचा पंच, आणि मंगळूचं कधी वाकडं होतं याची वाट बघण्यात त्याचे केस पिकले होते. साहेब खुर्चीवर, मास्तर तक्ता मांडीवर घेऊन त्याच्या बाजूला.

पहिलाच चेंडू सुकऱ्याने रंगूकडून काढला आणि सवयीने समोर नडगी शोधू लागला. तेवढ्यात डावीकडून आवाज आला, "इकडं दे."

जिवा होता. सुकऱ्याला वाटलं दुसऱ्या कोणाला म्हणतोय. दोन वर्षांत जिवाने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"दे ना," जिवा पुन्हा म्हणाला.

सुकऱ्याने दिला. थेट, मधे कोणी नाही. जिवाने तो पायाखाली घेतला, वळला आणि निघाला. सुकऱ्या होता तिथेच उभा राहिला. त्याने दिलेली वस्तू कोणीतरी घेतली होती. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं, भर मैदानात, आडदांड गडी असून.

मग तो जो खेळला तो खेळ खोडाळ्याने पाहिला नव्हता आणि पुढेही पाहिला नाही. नडग्यांवरून नेम धरून धरून पाय इतके तयार झाले होते की सरळ देणं आता पोरखेळ वाटत होता. तो देई आणि ते घेत. रंगू मधे पळून पळून दमला. त्याच्या हिसकावलेल्यांच्या रकान्यात आज काहीच पडेना, कारण ते चेंडू त्याने कधी हिसकावलेलेच नव्हते, ते त्याच्या नडगीवर येऊन आदळत असत. मास्तर भराभर रेघा ओढत होते.

मधल्या सुट्टीत गडी पाणी प्यायला बसले. सुकऱ्या त्यांच्याजवळ जाऊन बसला तसे सगळे थोडे पलीकडे सरकले. तांब्या त्याच्यापर्यंत आला नाही. त्याने मनाची समजूत घातली की आज चेंडू घेतला, पाणी उद्या घेतील. माणूस भुकेला असला की वासावरही पोट भरल्यासारखं करतो.

दुसऱ्या डावात जिवाने गोल केला. सुकऱ्याच्याच चेंडूवर. सुकऱ्या धावत गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जिवाने विंचू झटकावा तसा तो हात झटकला.

"आंगाला हात नको लावू," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "तुझी गिनती भरून देतो, ती घे आन ठाण्याला जाऊन तोंड काळा कर. गाव एकदाचा निवळ होईल."

सुकऱ्याला आता कळलं. म्हणजे आधी घेत नव्हते ते वैराने आणि आज घेत होते तेही वैराने. मास्तराच्या रेघा मात्र दोन्ही वेळा सारख्याच निमूटपणे पडत होत्या. पहिला विचार त्याच्या मनात आला की आता प्रत्येक चेंडू बांधापलीकडे मारावा, शेकडा पार मातीत घालावा आणि इथेच राहावं, यांच्या छातीवर बसून.

मग त्याची नजर आंब्याखाली गेली. मंगळू नेहमीसारखा ताठ बसला नव्हता, विडी हातात विझली होती. आणि शेजारी भिका वारघडे मैदानाकडे बघत गालातल्या गालात हसत होता. तेव्हा सुकऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. जो देणंघेणं करील तोही वाळीत. हा मंगळूचाच कायदा. आणि जिवा पहिल्या डावापासून सगळ्या बाजारासमोर घेत होता.

सुकऱ्याने चेंडू बांधापलीकडे मारला नाही. त्याने तो द्यायला सुरुवात केली. जिवाला दिला, पुन्हा जिवाला दिला, इतका मऊ की तान्ह्या पोरालाही घेता यावा. बाळ्याला दिला. बाळ्या लांब उभा असे, त्याला शोधून दिला. तुका अजून सुटला होता. तो भित्रा, पंचांकडे बघून बाजूला सरकत होता. सुकऱ्या त्याच्या मागे मागे गेला आणि नेमका त्याच्या पायांत दिला.

"घे रे," जिवा लांबून ओरडला. तुकाने घेतला. शेवटी सुकऱ्याने मागे वळून गोल राखणाऱ्या आपल्या गोल्यालाही एक दिला, कारण तो बिचारा तेवढा कोरा राहिला होता.

खोडाळं जिंकलं, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मास्तर तक्ता घेऊन उभे राहिले. सुकऱ्याचे पोचलेले शेकडा ब्याण्णव, रंगूचे शेकडा पंचावन्न. आठावरून ब्याण्णव कसे झाले हे साहेबाने विचारलं. मास्तर म्हणाले, मोजणीचा धाक. मी त्याला शाळेत बोलावून चांगली समज दिली होती. साहेबाने मान डोलावली आणि सुकऱ्याला सांगितलं, उद्या सकाळच्या गाडीने निघ, बायकोला घेऊन ये.

जिवा हसला. त्याच्या मते काम झालं होतं, आणि सुकऱ्या गेला की त्याचे चेंडू घेतल्याचं बापच विसरणार होता.

"मास्तर," सुकऱ्या म्हणाला, "कोणला किती पोचले ता पण वाच की."

तक्त्यातलं वाचून दाखवा असं मास्तरांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी घसा साफ केला आणि शाळेत हजेरी घेतात तसं खणखणीत वाचलं. जिवा मंगळू भोये, सुकऱ्याकडून घेतलेले एकोणीस. बाळ्या, अकरा. आणि असं करत गोल्यापर्यंत, एकही नाव न गाळता.

भिका वारघडे हाताचा टेकू घेऊन उठला.

"मंगळू," तो म्हणाला, "मधे नडगी नव्हती रे. सगळ्यांनी बघितला, आन मास्तरानी लिवला पण. मंग हे दहाच्या दहा बाहेर का सुकऱ्या आत? काय ता आताच बोल."

मंगळूने जिवाकडे बघितलं. जिवाचं हसू कधीच गेलं होतं. पोरग्याला वाळीत टाकायचं तर त्याच्याशी बोलणारा आपणही बाहेर, आणि पंचाची जागा भिकाकडे. मंगळूने विझलेली विडी फेकून दिली. मग म्हणाला, "सुकऱ्याला जातीत घेतला."

"तोंडानी घेऊन नाय चालत," भिका म्हणाला. "त्याच्या घरचा पाणी पी. सगळ्यांच्या देखत. पाणी पिलास का मंग तुझी पोरं मोकळी."

ऊन उतरलं नव्हतं तोच सगळी वरात सुकऱ्याच्या झोपडीकडे निघाली. पुढे मंगळू, मागे पंच, त्यांच्या मागे मान खाली घालून दहा गडी आणि त्यांच्या मागे अर्धा बाजार. सुकऱ्या मंगळूच्याही पुढे चालत होता. त्याला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. मंगळूने आपल्या ओट्यावर यावं आणि पाणी मागावं, हे स्वप्न त्याने दोन वर्षं पाहिलं होतं. ठाण्याची खोली त्या घटकेला त्याला आठवतही नव्हती.

ठकी दारात बसून नागली पाखडत होती. सुकऱ्याने तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, सूप थांबलं नव्हतं. मंगळू ओट्यावर बसला.

"ठके, पाणी दे," सुकऱ्या म्हणाला.

"आई गेली तवा यातला कोण आला होता?" ठकीने विचारलं.

दहाही गड्यांनी माना आणखी खाली घातल्या.

"पाणी हाय घरात," ती म्हणाली. "ओहोळावरून मी आणलेला हाय. यांच्यासाठी नाय."

"बायको ऐकत नसेल तर तू आण," मंगळू सुकऱ्याला म्हणाला. आवाज पंचाचाच होता, पण खाली घसरलेला.

सुकऱ्या उठला. हंडा दाराच्या आतच होता, दोन पावलांवर. तांब्या बुडवला की तो पुन्हा गावाचा होणार होता. त्याने हंड्याकडे बघितलं, मग ठकीच्या पायांकडे, ओहोळाच्या वाटेने भेगाळलेल्या. आईला पाठीवर घेऊन तो याच ओट्यावरून उतरला होता आणि ठकी लाकडं घेऊन पुढे चालत होती. त्याने हात मागे घेतला आणि ठकीच्या शेजारी जाऊन बसला.

"आमच्यात तुमचा पाणी बंद हाय," तो म्हणाला. "सकाळी आम्ही जाणार."

मंगळू भोये ओट्यावर बसून राहिला. पाणी न पिता उठला तर पोरगा वाळीत, आणि सकाळच्या गाडीनंतर ते पाणी द्यायला खोडाळ्यात कोणी उरणार नव्हतं. भिका वारघडे समोर उकिडवा बसला आणि त्याने विडी पेटवली. गडी अंगणात उभे होते, एकमेकांपासून जरा लांब लांब. ठकीने पाखडलेली नागली गाठोड्यात बांधली आणि सुकऱ्याला म्हणाली, "पातेली खाली काढ, बांधायची हायत."